आश्रयार्थीची साक्ष आणि वकिलाने करून घेतलेली तयारी

रानफूल (न्यू जर्सी)

नमस्कार. आश्रय मागणाऱ्या लोकांची प्रकरणे विनामूल्य चालवणाऱ्या एका कार्यालयात मी हिंदी-मराठीची दुभाषी म्हणून स्वयंसेवी काम करते. गोपनीयतेचे बंधन असल्यामुळे कोणत्याही अशिलाची ओळख पटेल असे काही येथे लिहिणार नाही. माझा प्रश्न एखाद्या प्रकरणाचा नसून पद्धतीचा आहे.

अशील पहिल्यांदा कार्यालयात येतो तेव्हा आपली सगळी हकीकत थोडक्यात सांगून टाकतो. त्यानंतर मात्र वकीलबाई तीच हकीकत त्याच्याकडून अनेक बैठकींत पुन्हा पुन्हा काढून घेतात. कोणत्या महिन्यात घडले, खोलीत आणखी कोण होते, मारणारे काय बोलत होते, त्यानंतर किती दिवस घरी होता, असे प्रश्न विचारतात. त्यातून पंधरा-वीस पानांचे प्रतिज्ञापत्र तयार होते, ते अशिलाला त्याच्या भाषेत वाचून दाखवले जाते आणि शेवटी सरकारी वकिलाची भूमिका दुसऱ्या एखाद्या वकिलाला देऊन उलटतपासणीचा सरावही होतो. काही अशील या सगळ्याने थकून जातात, काही रडतात, आणि एकाने तर मला स्पष्ट विचारले की मी खरे सांगतो आहे, तर मग एवढी तयारी कशासाठी?

माझ्याजवळ त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. माझे काका महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करत. ज्याची साक्ष फार घोटीव वाटे त्याला ते पढवलेला साक्षीदार म्हणत आणि उलटतपासणीत त्याचे पाठांतर उघडे पाडत. आमच्या कार्यालयात जे चालते ते पढवणे नाही, असे मला मनापासून वाटते, परंतु फरक नेमका कुठे आहे हे मला सांगता येत नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे. इतर देशांत काय पद्धत आहे तेही कळले तर बरे होईल.

दूरदेशी (न्यूयॉर्क)

रानफूलताई, मी येथे इमिग्रेशन न्यायालयात आश्रयाची प्रकरणे चालवतो. आपल्या अशिलाचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर कायद्याच्या रचनेत आहे, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

अमेरिकेत १९८० च्या निर्वासित कायद्यानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व यांपैकी एका कारणाने झालेला छळ, किंवा तसा छळ होईल अशी साधार भीती, अर्जदाराला सिद्ध करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कार्डोझा-फोन्सेका प्रकरणात म्हटले की छळाची शक्यता दहात एक इतकी असली तरी भीती साधार ठरू शकते. म्हणजे धोक्याच्या बाबतीत कायदा बराच उदार आहे. अडचण येते ती पुराव्याच्या बाबतीत. रात्रीत घर सोडून निघालेल्या माणसाजवळ पोलीस ठाण्याचे कागद नसतात, आणि छळ करणारे पावती देत नाहीत. त्यामुळे बहुतेक प्रकरणांत मुख्य पुरावा एकच असतो, तो म्हणजे त्या माणसाचा स्वतःचा शब्द. न्यायाधीशाने त्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, तर पुढच्या कायदेशीर मुद्द्यांपर्यंत प्रकरण पोचतच नाही.

हा विश्वास कशावर ठरतो, ते २००५ च्या रिअल आयडी कायद्यात लिहिलेले आहे. अर्जदाराचे वागणे-बोलणे, उत्तरांतला मोकळेपणा, हकिकतीची संभाव्यता, लेखी आणि तोंडी कथनांचा मेळ, परराष्ट्र खात्याच्या देशविषयक अहवालांशी असलेला मेळ, हे सगळे एकत्र पाहून न्यायाधीशाने ठरवायचे असते. यातले सर्वांत कठोर कलम असे की विसंगती मागणीच्या गाभ्याशी संबंधित नसली तरी ती विचारात घेता येते. त्याआधी अनेक सर्किट न्यायालये, म्हणजे प्रादेशिक संघीय अपील न्यायालये, गाभ्याशी संबंधित विसंगतीचाच आग्रह धरत असत. आता धाकट्या मुलाचे वय किंवा बस बदलल्याचे गाव चुकले तरी ते अविश्वासाच्या यादीत जाऊ शकते. टंकलेखनातल्या चुकीसारखी क्षुल्लक विसंगती अविश्वासाचा आधार होऊ नये, असे नवव्या सर्किट न्यायालयाने २०१० साली श्रेष्ठा नावाच्या एका अर्जदाराच्या प्रकरणात नमूद केले आहे, पण क्षुल्लक काय आणि महत्त्वाचे काय हे प्रत्येक वेळी नव्याने भांडून ठरवावे लागते. शिवाय साक्ष विश्वासार्ह वाटली तरी, जो पूरक पुरावा सहज मिळण्यासारखा होता तो का आणला नाही, असे न्यायाधीश विचारू शकतो.

आता समोरची बाजू पाहा. सरकारतर्फे प्रशिक्षित वकील उभा असतो. अर्जदाराला वकील ठेवण्याचा अधिकार आहे, पण सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, त्यामुळे अनेक जण एकटेच उभे राहतात. २००० ते २००४ या काळातल्या इमिग्रेशन न्यायालयांच्या निकालांचा जो मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात वकील असलेल्या अर्जदारांपैकी ४५.६ टक्के लोकांना आश्रय मिळाल्याचे आढळले, आणि वकील नसलेल्यांपैकी फक्त १६.३ टक्के लोकांना. वकील मजबूत प्रकरणेच हाती घेतात, हा आक्षेप काही अंशी खरा मानला तरी एवढी मोठी तफावत केवळ निवडीने येत नाही, असे माझे मत आहे.

ही तफावत कशामुळे पडते, हे आपण त्या बैठकींत प्रत्यक्ष पाहत आहात. समजा एखाद्या माणसाला विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. तो सांगतो की चार जण आले, त्यांनी मला मारले आणि ते निघून गेले. त्याच्या दृष्टीने हकीकत इथे पूर्ण होते, कारण त्यांनी का मारले हे त्याच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. न्यायाधीशाला मात्र ते ठाऊक नसते, आणि कारण सिद्ध झाले नाही तर ती कायद्याच्या नजरेत साधी मारामारी राहते. मारताना ते काय बोलले, कोणत्या पक्षाचे नाव घेतले, आदल्या आठवड्यात कोणती सभा झाली होती, त्या सभेत हा कुठे उभा होता, हे विचारल्याशिवाय अशील आपण होऊन सांगत नाही. ही माहिती त्याच्याकडे असतेच, ती महत्त्वाची आहे हे त्याला माहीत नसते. म्हणून वकील विचारत राहतो.

दुसरे काम जुन्या नोंदी मिळवण्याचे. सीमेवर किंवा विमानतळावर पहिल्या दिवशी जी चौकशी होते तिचा कागद सरकारी वकिलाच्या हातात असतो आणि उलटतपासणी बहुधा तिथूनच सुरू होते. तो माणूस तेव्हा उपाशी, घाबरलेला आणि गणवेशातल्या अधिकाऱ्यासमोर असतो, दुभाषी दूरध्वनीवर असतो किंवा नसतोच, आणि प्रश्नही आश्रयाची पूर्ण हकीकत काढण्याच्या हेतूने विचारलेले नसतात. अशा नोंदींवर कितपत विसंबावे याच्या कसोट्या दुसऱ्या सर्किट न्यायालयाने २००४ साली रामसमेअचिरे प्रकरणात, एका श्रीलंकन तमिळ अर्जदाराच्या निमित्ताने, घालून दिल्या. नोंद शब्दशः आहे की सारांश आहे, प्रश्न तपशील काढणारे होते का, पूर्वीच्या छळामुळे अधिकाऱ्यासमोर बोलायला तो कचरत होता का, आणि भाषा त्याला नीट समजत होती का, या त्या कसोट्या आहेत. पण हा युक्तिवाद वकिलाने तो कागद आधी वाचला असेल आणि अशिलाला त्याबद्दल निवांतपणे विचारले असेल तरच करता येतो.

तिसरे काम तारखांचे, आणि आपल्यासारख्या दुभाषींचा सर्वांत मोठा उपयोग इथे होतो. नेपाळी माणूस विक्रम संवतात विचार करतो, अफगाण माणूस सौर हिजरी वर्षात, आणि इथिओपियाच्या पंचांगात तर तेरा महिने असतात व त्यांचे वर्ष आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. घाईत केलेल्या रूपांतरामुळे अटक सुटकेच्या नंतर झाल्याचे दाखवणारे अर्ज मी वाचले आहेत. आपल्याकडे खेड्यातल्या आजीला तारीख विचारली तर ती सांगणार नाही, पण पेरणी झाली होती का, दिवाळी किती दूर होती, धाकटी लेक तेव्हा चालत होती का, हे अचूक सांगेल. प्रतिज्ञापत्रातही तेच लिहावे. जिथे दिवस आठवत नाही तिथे ‘पावसाळ्याच्या सुमारास’ असे लिहिणे हे खोट्या नेमकेपणापेक्षा कितीतरी सुरक्षित असते आणि प्रामाणिकही असते.

आता आपला मूळ प्रश्न. माझ्या मते कसोटी एकच आहे: वस्तुस्थिती कोणाकडून आली? वकिलाने प्रश्न विचारला आणि तपशील अशिलाने दिला, तर ती तयारी. तपशील वकिलाकडून आला आणि अशिलाने तो स्वीकारला, तर ते पढवणे. उलटतपासणीच्या सरावात मी अशिलाला एकही उत्तर सांगत नाही. मी सांगतो ते असे की प्रश्न पूर्ण ऐका, दुभाष्याचे बोलणे संपू द्या, समजले नसेल तर तसे म्हणा, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा आणि अंदाजाने तारीख ठोकू नका. न्यायाधीशाला खूश करण्यासाठी दिलेली अंदाजी उत्तरे खऱ्या माणसाला खोटे ठरवतात. हे नुकसान मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि सरावामुळे ते टळते.

पढवण्याचे परिणाम काय होतात, तेही आपल्या कार्यालयातल्या सर्वांना माहीत असावे. जाणूनबुजून बनावट अर्ज केल्याचे सिद्ध झाले तर त्या माणसाला इमिग्रेशन कायद्याखालच्या जवळजवळ सर्व लाभांना कायमचे मुकावे लागते. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये चिनी अर्जदारांसाठी हकिकती रचून देणाऱ्यांवर खटले भरले गेले, त्यांत २६ आरोपी होते आणि त्यांपैकी सहा वकील होते. २०१५ साली इमिग्रेशन अपील मंडळाने भारतातून आलेल्या एका अर्जदाराच्या प्रकरणात ठरवले की वेगवेगळ्या अर्जांतली कथने लक्षणीय प्रमाणात सारखी असतील, तर अर्जदाराला आधी सूचना आणि खुलाशाची संधी देऊन न्यायाधीश त्या साम्याचा विचार करू शकतो. त्या प्रकरणात त्याचे कथन त्याच्या भावाच्या कथनाशी जुळत होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की साच्यातून काढलेले प्रतिज्ञापत्र खऱ्या अशिलालाही बुडवते. गावाकडून येणाऱ्या पत्रांचेही तसेच आहे. पाच नातेवाइकांची पाच पत्रे एकाच मजकुराची असण्यापेक्षा, शेजाऱ्याने आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत स्वतः पाहिलेले तेवढेच लिहिलेले एक पत्र अधिक कामाचे असते.

औदुंबर (लंडन)

दूरदेशी यांनी फार चांगले लिहिले आहे. इंग्लंडमधली पद्धत एका बाबतीत बरीच वेगळी आहे, म्हणून थोडी भर घालतो. मी येथे सॉलिसिटरांच्या, म्हणजे प्रकरणाची कागदोपत्री तयारी करणाऱ्या वकिलांच्या, एका कार्यालयात आश्रयाच्या प्रकरणांवर काम करतो.

इथे बॅरिस्टरांच्या, म्हणजे न्यायालयात प्रकरण मांडणाऱ्या वकिलांच्या, आचारसंहितेनुसार साक्षीदाराकडून त्याच्या साक्षीची तालीम किंवा सराव करून घेण्यास मनाई आहे. न्यायालयात काय क्रम असतो, कोण कुठे बसते, प्रश्न कसे ऐकावेत, एवढे समजावून सांगता येते. परंतु त्याच्याच हकिकतीवर खोटी उलटतपासणी घेऊन पाहणे चालत नाही. म्हणजे रानफूलताईंच्या कार्यालयात जे नित्याचे आहे, ते इथे गैरवर्तन ठरू शकेल. याचा परिणाम असा होतो की सगळा भार लेखी निवेदनावर येतो, आणि ते निवेदन काढून घेण्याचे काम आम्ही सॉलिसिटर मंडळी करतो. मला दोन्ही पद्धतींत गुणदोष दिसतात. तरी ज्या माणसाने पूर्वी न्यायालय पाहिलेच नाही, आणि ज्याने अधिकाऱ्यांच्या खोलीत फक्त मार खाल्लेला आहे, त्याला उलटतपासणीचा पहिला अनुभव थेट न्यायाधिकरणात यावा, हे मला अजूनही खटकते.

अर्जाचा निर्णय आधी गृहखाते घेते. आगमनानंतर एक छोटी प्राथमिक मुलाखत होते आणि पुढे सविस्तर मुलाखत होते. या दोन्हींतला फरक हे नकारपत्रातले नेहमीचे हत्यार असते. म्हणून सविस्तर मुलाखतीची प्रत हाती पडताच ती अशिलाला ओळीओळीने वाचून दाखवणे आणि चुका असतील तर ताबडतोब लेखी कळवणे, हे आमच्या कामातले सर्वांत कंटाळवाणे पण सर्वांत मोलाचे काम आहे. अपिलाच्या वेळी केलेला खुलासा सबब वाटतो. पंधरा दिवसांत केलेली दुरुस्ती दुरुस्तीच वाटते.

संभाव्यतेच्या मुद्द्यावर इथल्या न्यायालयांनी काही चांगले दंडक घातले आहेत. ‘कोणताही समंजस माणूस असे वागणार नाही’ असे म्हणून हकीकत फेटाळण्याची सवय निर्णय करणाऱ्यांना असते. अपील न्यायालयाने २००६ साली एचके प्रकरणात बजावले की देशांतर्गत खटल्यांत उपयोगी पडणारी ही कसोटी आश्रयाच्या प्रकरणांत धोकादायक, कधी कधी पूर्णपणे गैरलागू असते, कारण तिथली परिस्थिती न्यायाधीशाच्या अनुभवाबाहेरची असते. हा दंडक कागदावर आहे, म्हणून तो आपोआप पाळला जातो असे नाही. त्या देशात पोलीस लाच घेऊन कसे सोडतात, फरार माणसाच्या बायकोला कसे उचलून नेतात, हे सांगणारा तज्ज्ञ किंवा विश्वसनीय अहवाल वकिलाने समोर ठेवला, तरच असंभाव्य वाटणारी गोष्ट तिथे रोज घडते हे न्यायाधीशाला कळते.

वैद्यकीय पुराव्याबद्दल दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००५ च्या मिबांगा प्रकरणात ठरले की आधी अविश्वास ठरवून मग वैद्यकीय अहवाल बाजूला सारता येणार नाही. सगळा पुरावा एकत्रच तोलला पाहिजे. आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर केव्ही प्रकरण आले. एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या पाठीवर आणि हातावर तापलेल्या सळईचे डाग होते. ते डाग त्याने कोणाकडून तरी मुद्दाम करवून घेतले असावेत, असा निष्कर्ष न्यायाधिकरणाने काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी पाठवले. असे डाग स्वतःहून करवून घेण्याचे प्रकार अत्यंत विरळ असतात, या गोष्टीला पुरेसे वजन दिले गेले नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. छळाच्या खुणा तपासून अहवाल कसा लिहावा, यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाची इस्तंबूल नियमावली आहे. ‘सुसंगत’, ‘अतिशय सुसंगत’, ‘नमुनेदार’ आणि ‘निदानदर्शक’ अशा चढत्या पायऱ्यांवर ती डॉक्टरला मत द्यायला लावते. हे मत न्यायालयासाठी असते, म्हणून अशिलाला बरे वाटावे म्हणून चढवून लिहिलेला अहवाल वकिलाने स्वीकारू नये.

पिंपळपान (पुणे)

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि काही वर्षे परदेशात निर्वासितांबरोबर काम केले आहे. विसंगतीच्या प्रश्नावर विज्ञान काय सांगते, एवढेच लिहितो.

२००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोसोव्हो आणि बोस्नियातून आलेल्या ३९ निर्वासितांना त्यांच्या आयुष्यातल्या त्याच घटनांविषयी दोन वेळा, मध्ये काही आठवडे किंवा महिने जाऊ देऊन, विचारण्यात आले. या लोकांना राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, म्हणजे खोटे बोलण्याचे कोणतेही कारण नव्हते. तरीही सर्वांच्या कथनांत फरक आढळले. घटनेच्या मुख्य भागापेक्षा भोवतालच्या तपशिलांत ते अधिक होते, आणि ज्यांना आघातोत्तर ताणाचा तीव्र त्रास होता त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधले अंतर वाढले तसे फरकही वाढले. म्हणजे ज्याने जास्त सोसले आहे त्याचेच कथन उशिरा घेतले तर अधिक विसंगत दिसण्याचा संभव असतो, आणि आश्रयाच्या प्रकरणांत तर सुनावणीला वर्षानुवर्षे लागतात. अमेरिकेच्या ज्या कलमाबद्दल दूरदेशी यांनी लिहिले, ते कलम या संशोधनाच्या थेट विरुद्ध दिशेला जाते. गौण तपशिलावरून माणसाला खोटे ठरवण्याची मुभा देणे मला शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे वाटते.

न्यायालयात चेहऱ्यावरून केल्या जाणाऱ्या अंदाजांचेही तसेच. आघात सोसलेला माणूस अत्यंत भीषण गोष्ट सपाट, कोरड्या आवाजात सांगतो, कारण भावना बाजूला ठेवल्याशिवाय त्याला ती सांगताच येत नाही. पाहणाऱ्याला ते पाठांतर वाटते. कोणी नजरेला नजर देत नाही, कोणी प्रश्नाच्या मध्येच हरवून जातो. चांगला वकील अशा अशिलाला सुनावणीपूर्वी तज्ज्ञाकडे पाठवतो आणि हे वागणे कशामुळे आहे ते अहवालातून न्यायाधीशापुढे मांडतो. अमेरिकेत २००० ते २००४ दरम्यान डॉक्टरांच्या तपासणीचा अहवाल जोडलेल्या प्रकरणांचा अभ्यास झाला, त्यांतील निकाल लागलेल्यांपैकी ८९ टक्के लोकांना आश्रय मिळाला, तर त्या काळातली देशाची सरासरी ३७.५ टक्के होती. इथेही निवडीचा परिणाम आहे हे मान्य केले पाहिजे, कारण तपासणीसाठी वकील आधीच प्रकरणे निवडून पाठवतात.

रानफूलताई, आपल्या अशिलांचे रडणे आणि थकणे याकडे वकीलबाईंचे लक्ष असेलच. तरी एकाच बैठकीत सर्वांत वाईट घटना पहिल्याच तासात काढू नये आणि बैठक तिच्यावर संपवू नये. शेवटची काही मिनिटे आजच्या दिवसाबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल, परतीच्या गाडीबद्दल बोलण्यात गेली, तर माणूस रात्री झोपू शकतो आणि पुढच्या बैठकीला येतो.

ओंजळ (ब्रॅम्प्टन)

कॅनडातला एक मुद्दा मुद्दाम मांडावासा वाटतो, कारण त्यात आपली मुंबई येते.

इथे निर्वासित संरक्षण विभागासमोर सुनावणी होते. १९७९ च्या माल्डोनाडो निकालानुसार शपथेवर केलेले कथन, संशयाला कारण नसेल तर, खरे धरले जाते. अमेरिकेपेक्षा ही सुरुवात अर्जदाराला अनुकूल आहे. परंतु पंजाबमधून आलेल्या अर्जदारांच्या बाबतीत, हकिकतीवर विश्वास बसला तरी दुसरा प्रश्न उभा राहतो: तुम्ही भारतातच दुसऱ्या शहरात का गेला नाहीत? त्या दुसऱ्या शहरांच्या यादीत मुंबईचे नाव नेहमी असते. १९९१ च्या रसरत्नम निकालापासून याची दुहेरी कसोटी आहे: त्या शहरात गंभीर धोका नाही ना, आणि तिथे जाऊन राहणे त्या माणसासाठी अवाजवी नाही ना. तिथे राहणे अवाजवी आहे हे अर्जदाराने सिद्ध करणे फारच कठीण आहे.

इथे अनेक अर्जदार स्वतःचेच नुकसान करतात. ‘मुंबईत का नाही?’ या प्रश्नावर ते म्हणतात की तिथे भाषा येत नाही, घरे महाग आहेत, नोकरी मिळणार नाही. ही उत्तरे खरी असतात पण कायद्याने अपुरी ठरतात. खरा प्रश्न असा असतो की ज्यांच्यापासून भीती आहे त्यांच्याजवळ माग काढण्याचे साधन आणि इच्छा आहे का. भाडेकरूंची पोलीस पडताळणी कशी होते, राज्याराज्यांच्या पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या गुन्हेविषयक संगणक यंत्रणेत कोणाची नोंद असते, गावाकडच्या नातेवाइकांकडे अजून कोणी चौकशीला येते का, याबद्दल अशिलाला जे खरोखर माहीत आहे ते वकिलाने आधीच विचारून घेतले पाहिजे. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’. मी मुंबईत वाढले आहे, आणि त्या शहरात कोणीही सहज हरवून जाऊ शकतो ही समजूत अर्धीच खरी आहे हे मला ठाऊक आहे. पण माझे ठाऊक असणे हा पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे.

आणखी एक. इथल्या मूळ अर्जातून महत्त्वाची घटना सुटली आणि ती सुनावणीत पहिल्यांदा सांगितली, तर ती नंतर रचली असे मानण्याकडे कल असतो. नियमानुसार दुरुस्ती अधोरेखित करून, सही-तारखेसह, सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी द्यावी लागते.

रानफूल (न्यू जर्सी)

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. ‘वस्तुस्थिती कोणाकडून आली’ ही कसोटी मी अशिलांना समजावून सांगू शकेन.

आणखी दोन शंका विचारते. सीमेवर दलालाच्या सांगण्यावरून कोणी काही खोटे सांगितलेले असेल आणि आता ते त्याने वकिलाजवळ कबूल केले, तर वकील काय करतात? आणि एखादी बाई लैंगिक अत्याचाराबद्दल नवऱ्यासमोर बोलूच शकत नसेल, तर?

दूरदेशी (न्यूयॉर्क)

पहिल्या शंकेबाबत. खोटे आहे हे माहीत असताना तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणे वकिलाला आचारसंहितेने निषिद्ध आहे, आणि आधीच ठेवला गेला असेल तर त्याला दुरुस्तीची पावले उचलावी लागतात. परंतु नियम बाजूला ठेवला तरी शहाणपणाचा मार्ग तोच आहे. खोटे सरकारी वकिलाने उघड करण्यापूर्वी ते अशिलाने आपल्या प्रतिज्ञापत्रात स्वतः सांगावे: काय सांगितले, कोणी सांगायला लावले, तेव्हा कशाची भीती होती, आणि खरे काय आहे. मग सरतपासणीत, म्हणजे आपल्याच वकिलाने विचारलेल्या प्रश्नांत, पहिल्या काही प्रश्नांतच ते पुन्हा समोर आणावे. यामुळे धोका पूर्णपणे टळत नाही आणि तसे आश्वासन अशिलाला देऊ नये. पण स्वतःहून, वेळेवर केलेली दुरुस्ती आणि पकडले गेल्यावर दिलेली कबुली यांत न्यायाधीश फरक करतात. लोक अनेक कारणांनी खोटे बोलतात आणि एका खोट्यावरून सगळी मागणी खोटी ठरत नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली एका सोमाली माणसाच्या प्रकरणात मानले आहे.

दुसऱ्या शंकेबाबत. नवरा-बायकोचा अर्ज एकत्र असला तरी वकिलाने प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, एकदा तरी, दार लावून बोललेच पाहिजे. दुभाषी कोण असावी हे त्या बाईला विचारावे. तिच्याच समाजातली, ओळखीची व्यक्ती नको असे अनेकींना वाटते, आणि त्याचा राग मानू नये. सुनावणी बंद दाराआड घेण्याची विनंती अर्जदाराला करता येते, आणि तिची साक्ष होईपर्यंत नवऱ्याला बाहेर बसवण्याची विनंतीही करता येते. तिने ही गोष्ट पहिल्या अर्जात लिहिली नसेल, तर उशीर का झाला याचा खुलासा पुरवणी प्रतिज्ञापत्रात द्यावा आणि शक्य असेल तर पिंपळपान यांच्यासारख्या तज्ज्ञाचे मत जोडावे. मात्र नवरा-बायकोचे हितसंबंध परस्परविरोधी असतील, तर एकाच वकिलाने दोघांचे प्रकरण चालवणे योग्य नाही. तेव्हा तिच्यासाठी दुसरा वकील शोधावा लागेल, आणि हा विचार सुनावणीची तारीख जवळ येण्यापूर्वीच वकीलबाईंच्या कानावर घालावा.